ताटात वाढलेला पुरावा

३ नोव्हें., अमरावती
वरच्या न्हाणीतला मग पुन्हा अंतर्धान पावला. चिखलदऱ्याला निघालेली मंडळी अ‍ॅपवरून खोली घेऊन आमच्या माडीवर रात्र काढतात. जाताना चादरी, उशा, टॉवेल सचोटीने ठेवतात. नाहीसा होतो तो प्लॅस्टिकचा मग. हे न्यायशास्त्रात बसत नाही, मीमांसेत नाही. साखळीने बांधतो म्हटलं तर बायको, सुलू, म्हणे, "घराचा रेल्वेचा संडास करता काय?"

५ नोव्हें.
घरपट्टीचा नवा नियम आता आमच्या गल्लीत. रोजाने नुसती खोली दिली तर घर ते घरच. जेवण दिलं की लॉज, दर व्यावसायिक. तो भरला तर माडी चालवणं परवडणार नाही. ही बातमी गेल्या महिन्यात मीच पेपरला पाठवली होती. दोन ओळींत.

८ नोव्हें.
कापसाच्या बातमीसाठी दर्यापूरला होतो. माझ्यामागे कर विभागाचा माणूस माडी तपासायला आला. खांद्याला बॅग, उन्हाने लाल. सुलूने पाहुणा समजून टॉवेल दिला. मग पिठलं-भाकर, ठेचा. त्याने ओळख दिली ती दुसऱ्या भाकरीनंतर.
"तो सांगून राहिला होता, मीच म्हटलं, पयले जेवा, मंग बोला."
तिथंच बसून लिहिलेल्या अहवालात आलं: भोजनव्यवस्था आढळली. 'उत्तम' हा शब्दही होता असं सुलूचं म्हणणं. मला शंका आहे.

१० नोव्हें., अकोला
जुन्या शहरात विन्याकडे. भाचा, करसल्लागार. हसता हसता चष्मा काढून पुसला.
"मामा, मामीनं पुरावा ताटात वाढला ना जी! आता काय लपवता?"
सल्ला: तो एकच दिवस, एरवी आम्ही जेवण देत नाही, असं लिहून द्या. आणि खरंच देऊ नका. पाहुण्यांना हॉटेलं आहेत. "सोपं आहे, मामा."
सोपं आहेच. घरी कोण सांगणार?

११ नोव्हें.
सांगितलं. सुलू, भाकर थापता थापता, मान वर न करता:
"वरता मानूस उपाशी झोपीन अन् खालती आपन जेवाचं? त्यापरीस खोल्यायले कुलूप लावा."
भाकर मात्र फुगली.

१४ नोव्हें.
विन्याचा मसुदा बाजूला सारला. स्वतः लिहिलं: होय, आम्ही जेवण देतो. त्याचे वेगळे पैसे घेत नाही, घेणार नाही. आपल्या कर्मचाऱ्याकडूनही घेतले नाहीत. सही ठोकली.
विन्याचा फोन. "मामा, हा हरकतीचा अर्ज नाई, हे भांडन आहे!"
बाबा रे, वऱ्हाडात दोन्हीला एकच कागद लागतो.

१९ नोव्हें.
सुनावणी. साहेबांच्या शेजारी तोच ठेचा खाल्लेला माणूस. नजर टेबलावर. साहेब: "जेवणाचे पैसे खोलीच्या भाड्यात धरले नाहीत, हे कशावरून?" प्रश्न चोख. पूर्वपक्ष असा असावा! म्हटलं, "साहेब, एकदा जेवायला या, मग ठरवा." हसले नाहीत. निर्णय कळवू म्हणाले.
जिन्यात तो माणूस मागून आला. "काकूंना सांगा, ठेचा..." तेवढ्यात साहेब दारात. वाक्य तिथंच राहिलं.

२२ नोव्हें.
न्हाणीतला मग सापडला. सुलूच तुळशीला पाणी घालायला खाली नेते. समस्त पाहुण्यांची मनातल्या मनात क्षमा मागितली.
निर्णय नाही. आज पाहुणेही नाहीत. दोघंच जेवलो.
मुलगी मुक्ता लग्न होऊन गेली तेव्हापासून सुलूने स्वयंपाकात लक्षच घातलं नव्हतं. टीव्ही लावायचा, खिचडी खायची, ताट उचलायचं. मग माडीवर पहिलं कुटुंब उतरलं. त्या संध्याकाळी ती चुलीपाशी उभी राहून इतकी बोलली की मी टीव्ही बंद केला. तेव्हापासून तो बंदच होता.
आज तिने लावला.
कराशी भांडेन, वरच्या साहेबांपर्यंत जाईन, त्याचं काही वाटत नाही. भीती एवढीच आहे की माडीला कुलूप लागलं तर ती पुन्हा गप्प होईल. आणि मला एकट्याला तिला बोलतं करता येत नाही.