चाखून पाहिलेला मोह

मुलचेरा
११ फेब्रुवारी २००७

चि. सौ. कुंतास अनेक आशीर्वाद.

दिवाळीत तुमच्याकडून आलो त्याला तीन महिने झाले, आणि पोचल्याचे चार शब्दही मी लिहिले नाहीत. याची माफी आधी मागतो. शाळेचे काम होते असे लिहिणार होतो, पण ते खरे नाही. खरे असे की मला लाज वाटत होती.

जावईबापूंनी मला वायनरीत नेले ते प्रेमानेच. दर दुसऱ्या रविवारी नवी वायनरी गाठायची, प्याला तिरका धरून रंग पाहायचा, वास घ्यायचा, घोट तोंडात घोळवायचा आणि बादलीत थुंकायचा, हा छंद मला अजून नवलाचा वाटतो. सगळे थुंकले. मी मात्र सहाही घोट गिळले. करणारा समोर उभा असताना त्याची वस्तू थुंकायची कशी, एवढेच माझ्या मनात आले. तेव्हा त्यांचे मित्र खैरनार म्हणाले की गडचिरोलीचे गुरुजी दारूबंदीचा उपवास सोडताहेत. सगळे हसले, तूही हसलीस. त्याचा राग नाही. पण डायरीत तो दिवस तीन वेळा लिहिला आणि तीनही वेळा खोडला.

पुढच्या महिन्यात मोह फुलेल. त्या लोकांना एकदा आपल्या थोरल्या बहिणीच्या, कमळाबाईच्या हातचा पहिल्या धारेचा मोह चाखवावा असे फार वाटते. मग कळेल, चव कोणाला म्हणतात ते. बाईने भट्टी सोडून चौदा वर्षे झाली हे मला ठाऊक आहे. तरी विचारून पाहीन.

मुलांना पापा. आमच्यावरची माया पातळ होऊ देऊ नकोस.

तुझा भाऊ,
बाबुलाल


नाशिक
२ मार्च २००७

ती. बाबुलालभाऊस,
शि. सा. न. वि. वि.

तुझे पत्र यांना वाचून दाखवले. हे म्हणाले की भाऊंनी चाखण्याची परीक्षा नापास केली, पण गिळण्याची पहिल्या वर्गात पास केली. रागावू नकोस. मी हसले कारण तुझ्या मिशीला लाल थेंब लागला होता आणि तू मास्तरकीच्या आवाजात सांगत होतास की याला कच्च्या पेरूचा वास आहे. वास खरोखर पेरूचाच होता, हे खैरनारांनी नंतर कबूल केले.

तुझी कल्पना यांना इतकी आवडली की पाडव्याच्या सुटीत हे आणि खैरनार गाडीने निघणार आहेत. आतापर्यंत एकवीस वायनऱ्या झाल्या, बाविसावी जंगलातली, असे घरभर सांगत फिरतात. खैरनार पेपरच्या रविवारच्या पुरवणीत वाइनवर लिहितात, त्यांनाही विषय हवा आहे. बाईला गळ घाल. तुझा शब्द ती मोडत नाही. मला मात्र तिने कधी लाडाने काही दिले नाही, हे तूही जाणतोस.

सोबत सहा काचेचे प्याले गाडीतून पाठवते. बाईच्या घरी जर्मनचे पेले आहेत, त्यात वास घेता येत नाही.

वहिनींना नमस्कार. विसरभोळ्या बहिणीवर होता तसाच जीव असू दे.

तुझी,
कुंता


मुलचेरा
८ एप्रिल २००७

चि. सौ. कुंतास अनेक आशीर्वाद.

पाहुणे सुखरूप पोचल्याचे कळले. बाईने ऐकले हे तुला कळलेच असेल. सहजासहजी नाही. दारूबंदी झाली त्या वर्षी चिचटोल्याच्या वस्तीतल्या बायांनी तलावात कमरेइतक्या पाण्यात उभे राहून शपथ घेतली होती, आणि सगळ्यांत आधी स्वतःचे मडके फोडणारी आपली बाईच होती. ज्या घरी भट्टी लागेल त्या घरचा तलावातल्या मासोळीचा वाटा बंद, हा नियमही तेव्हाचाच. भाटवे वारल्यापासून बाई आणि तिची लेक मयुरी त्या वाट्यावरच जगतात. मी हे सगळे जाणून तिच्या ओट्यावर दोन दिवस बसलो. एकदाच, एक मडके, कोणाला कळणार नाही, म्हणालो. शेवटी ती म्हणाली की तुला चंद्रपूरला कॉलेजात ठेवायला पाच वर्षे मोहफुलांचा सडवा ढवळला, आता एक दिवस तुझ्या हौसेसाठी.

चोरून बांधाआड भट्टी लावली. तिने पहिली धार वाडवडिलांच्या नावाने जमिनीवर सोडली आणि मग प्याले भरले. पाहुण्यांनी वास घेतला, घोट घोळवला, आणि त्याच ओल्या जागेवर थुंकले. दुसरी जागा नव्हती, बादली आपण विसरलो. बाईने पदर तोंडावर घेतला. ती हसते आहे असे मी धरून चाललो. नंतर ती एवढेच म्हणाली की शहरातली माणसे दारूने चूळ भरतात हे नवीनच पाहिले.

आणि कुंता, मीही थुंकलो. या खेपेला कोणी हसू नये म्हणून.

खैरनारांनी लेखाचा कच्चा खर्डा माझ्याकडे तपासायला पाठवला. लेख सुंदर आहे, पण त्यात 'भामरागडच्या रानातली एक आदिवासी म्हातारी' असे होते. एका ओळीत इतक्या चुका! बाई बावन्न वर्षांची आहे, ढिवराची, मासे धरणाऱ्या घरची आहे, आणि भामरागड इथून कुठे! छापलेले खोटे माझ्याने पाहवत नाही. शिवाय इतक्या वर्षांनी कोणी तिच्या हाताचे कौतुक केले, ते दुसरीच्या नावावर का जावे? मी सगळे दुरुस्त केले. नाव, टोला, तलावाची पाळ, चिंचेपासून तिसरे घर. परवा टपालात टाकले.

घरचे सर्व ठीक. पत्रास उशीर केलास तरी चालेल, आठवण काढण्यास नको.

तुझा भाऊ,
बाबुलाल


चिचटोला
९ मे २००७

कुंतास कमळाबाईचा आशीर्वाद.

मी सांगून राह्यली अन् मयुरी लिहून राह्यली. तिनं माह्या बोलण्याले शाळेचं वळण देऊ नये म्हणून तिले दम देल्ला आहे.

तुह्या नवऱ्याच्या दोस्तानं पेपरात माहं नाव छापलं. तो पेपर आलापल्लीच्या बसनं दुपारी आला अन् संध्याकाळपर्यंत टोल्यात पोचला. माह्या हाताचा फोटू आहे. ह्या हाताले इतकी इज्जत कधीच भेटली नव्हती. मंडळाच्या बाया आल्या. बारा जणी होत्या, सगळ्या माह्यासंगं पाण्यात उभ्या राह्यलेल्या. वाचता कोणाले येत नव्हतं, म्हणून मयुरीलेच वाचाले लावलं. पोरीनं आपल्या मायची बातमी आपल्याच तोंडानं वाचून दाखवली. मंग त्यायनं घरातली मडकी फोडली. पाण्याचं होतं तेबी फोडलं. तुहे काचेचे पेले नाई फोडले, ते महागाचे दिसले म्हणून.

सभेत इचारलं, कोणासाठी गाळली. म्या म्हटलं, माह्याच तोंडासाठी. बाबुलाल खाली आथरलेल्या दरीच्या कोपऱ्यावर बसून चष्मा पुसत होता. लय येळ पुसला. एकडाव म्या त्याच्याकडं पाह्यलं. मंग नाई पाह्यलं. त्याची सरकारी नोकरी आहे. ज्या मोहावर त्याले शिकवलं, त्याच मोहानं त्याची नोकरी घालवू काय मी?

एक गोष्ट मातर मले समजत नाई. नाशकातल्या माणसाले आपल्या दारची चिंच कशी ठाऊक? तिथून तिसरं घर, हे त्यानं काऊन मोजलं? मयुरी म्हणते माय, इचारू नको. म्हणून तुले इचारते.

येत्या अठराले जाळं टाकून तलाव काढणार आहेत. आपला वाटा नाई. पेले घेऊन जा म्हणावं कोणाले तरी.

सुखी राह्य. इकडं ये म्हणत नाई.

कमळा


नाशिक
१५ मे २००७

ती. बाबुलालभाऊस,
शि. सा. न. वि. वि.

बाईचे पत्र आले. मी तिला उत्तर लिहिलेले नाही, काय लिहिणार? खैरनारांना यांनी फोन केला. ते म्हणाले की त्यांनी तर बाईचे खरे नाव-गाव काहीच दिले नव्हते, तुझ्या अक्षरातला कागद त्यांच्याकडे आहे. तो फाडून टाका, असे मी यांच्याकडून सांगवले आहे.

तू आता सभेत उठून काही बोलू नकोस. बाईने एकदा सांगितले ते सांगितले. तुझी सोळा वर्षांची नोकरी आणि तिचा चार पाट्या मासोळीचा वाटा, यांत वजन कशाचे हे तूच ठरव. ती कणखर आहे, तिला सवय आहे. इतकी वर्षे तुझी-माझी आई होऊन राहिली, एक वर्ष आणखी राहील.

लेखाला वाचकांची खूप पत्रे आली म्हणे. यांचा तेविसावा दौरा विंचूरला ठरला आहे.

माझ्या स्पष्ट बोलण्यावर जाऊ नको, मनातल्या ओलाव्यावर जा.

तुझी,
कुंता


मुलचेरा
१९ मे २००७

चि. सौ. कुंतास आशीर्वाद.

काल तलाव काढला. जाळे काठाशी आले तेव्हा सगळा टोला पाळीवर होता. घराघराचे नाव पुकारून वाटे घातले. चिंचेपासून दुसऱ्या घराचे नाव झाले आणि मग चौथ्याचे. बाई मयुरीला घेऊन पाळीवरच उभी होती. घरी बसली असती तर बरे झाले असते, असे मला वाटले, आणि हे कोणासाठी बरे झाले असते असे मी स्वतःला विचारले. माझा वडिलोपार्जित वाटा मला मिळाला, वर गुरुजी म्हणून एक मोठी रोहू जास्त. मी ती घेतली.

दुपारी तुझ्या वहिनीने रस्सा केला. डबा घेऊन बाईकडे गेलो. सांगायचे ठरवून गेलो होतो, खर्ड्याचे, चिंचेचे, सगळे. बाईने डबा उघडला, एक तुकडा तोंडात घातला, डोळे मिटून बराच वेळ घोळवला आणि अंगणात माझ्या पायाजवळ थुंकली. मग पाण्याने चूळ भरली. म्हणाली की पाहुण्यांनी शिकवले तसे चाखून पाहिले, चव चांगली आहे. डबा झाकून माझ्या हातात दिला. सोबत तुझे सहा प्याले, धुऊन, जुन्या लुगड्यात गुंडाळलेले. मयुरी आत होती, बाहेर आली नाही. प्याले फुटू नयेत म्हणून सायकल हातात धरून चालत आलो.

मंडळाने वाटा तीन वर्षांसाठी बंद केला आहे. ठराव मच्छीमार सोसायटीच्या कचेरीत द्यायचा आहे. गावात अक्षर माझेच चांगले, म्हणून खर्डा माझ्याकडे आला. त्यात लिहिले आहे की सदर बाईने भट्टी स्वतःच्या मर्जीने लावली, कोणाच्याही सांगण्यावरून नाही. हे वाक्य मी सात वेळा वाचले. खाडाखोड मी कुठे केली नाही.

प्याले कोणी नाशिकला येणारा भेटला की पाठवतो. तुमचे प्रेम मागण्याचा हक्क आज वाटत नाही, म्हणून मागत नाही.

तुझा,
बाबुलाल

डायरीतली नोंद. उद्याचे काम : ठरावाची स्वच्छ प्रत काढणे.