काळी चारचा गवई

अल मवालेह, मस्कत
शनिवार, १५ नोव्हेंबर २०२५

प्रिय उस्मानभाई यांना दयानंदचा नमस्कार आणि सलाम, दोन्ही.

इकडे आम्ही सगळे मजेत आहोत, तुमचीही तब्येत ठीक असेल. पाठवणाऱ्याचं नाव वाचून तुम्ही दचकला असाल. त्याचं असं झालं, मागच्या आठवड्यात माझी सून यशश्री कोकमं आणायला हमरियात गेली होती. दुकानदाराशी गावाकडच्या गप्पा निघाल्या, हिनं सासऱ्याचं नाव सांगितलं, तर तो म्हणाला, "माझे अब्बा त्यांना पेटीची साथ करायचे. वरच राहतात, बोलावू का?" आपलं काय झालंय ते हिला ठाऊक. "नको नको" करत ती कोकमं तिथंच विसरून घरी आली. तो तुमचा ताबिश. तीन वर्षं आपण एकाच शहरात, गाडीनं अर्ध्या तासावर राहतोय आणि मला पत्ताच नाही!

दुकानाच्या पाटीवरचा फोन नंबरही मिळालाय. पण फोनवर मी दोन विनोद करून वेळ मारून नेईन, हे तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहीत. म्हणून पत्र.

माझं म्हणाल तर बरं चाललंय. बायको गेल्यावर मुलानं, कौशिकनं, मला इकडे आणलं, तेव्हा वाटलं होतं कंटाळून मरेन. कसलं काय! सकाळी मवालेहच्या भाजीबाजारात चक्कर मारतो. तिथला बांगलादेशी भाजीवाला मला 'अर्बाब', म्हणजे मालक, म्हणतो आणि वर कोथिंबिरीची जुडी फुकट देतो. एकोणीस सिनेमे केले, हजारभर कार्यक्रम केले, पण फुकट कोथिंबीर आयुष्यात पहिल्यांदाच मिळतेय. परवा एक पुणेकर बराच वेळ निरखून म्हणाला, "तुम्ही अगदी त्या दयानंद मुणगेकरांसारखे दिसता. ते गेले ना?" मी म्हटलं, "हो, मस्कतला." खरंच सांगतो, केस रंगवायचे नाहीत, पोट आत ओढायचं नाही, फार सुखात आहे मी.

आता मुद्दा. येत्या २८ तारखेला, शुक्रवारी, इथल्या मराठी मंडळींनी माझा कार्यक्रम ठेवलाय. होडीचं गाणं हवंच म्हणतात. आठवतं ना त्याचं शूटिंग? पांढरी पँट घालून मी होडीत उभा, बोट लागून हिरवा पडलेला, आणि तुम्ही किनाऱ्यावरून ओरडताय, "बुवा, ओठ हलवा, ओकू नका!" त्या एका गाण्यानं मला हिरो केलं. पोस्टरवर छापायचे, 'काळी चारचा गवई'. काळी चारसारख्या उंच पट्टीत पुरुषाचा एवढा मोकळा गळा कुणी ऐकला नव्हता आणि हे मी लोकांना विसरू दिलं नाही. चाळीस वर्षं प्रत्येक मुलाखतीत सांगितलं, पट्टी तीच, अर्धा सूरही उतरलो नाही.

साथीला माझी नात आकांक्षा आहे. तेरा वर्षांची, की-बोर्ड छान वाजवते, मराठी मात्र अडखळत. तिला काळी चार मागितली. अंतऱ्यातल्या वरच्या सुरापाशी पोचलो आणि खोकला आला. पुन्हा घेतलं, पुन्हा खोकला. मग बाईसाहेबांनी फोनवर माझे जुने कार्यक्रम लावले. सूर ओळखणारं काहीतरी असतं म्हणे त्यात. म्हणाली, "आबा, हे तुमचं काळी चार, जी-शार्प, नाहीये. हे तर एफ-शार्प आहे." मी म्हटलं, तुझा फोन बिघडलाय. तिनं सिनेमातलं मूळ गाणं लावलं, ते बरोबर काळी चार. दोन हजार सहाचा नाशिकचा कार्यक्रम लावला, अर्धा सूर खाली, पांढरी पाच. त्यानंतरचे पाच-सहा लावले, एक अख्खा सूर खाली, काळी तीन.

मी न जेवताच पांघरूण घेऊन पडलो. यशश्रीला वाटलं ताप आलाय.

मग हळूहळू डोक्यात प्रकाश पडला. तुम्ही घेतलेली ती स्केल-चेंजर पेटी! पट्ट्यांची रांगच्या रांग बाजूला सरकवायची, की बोटं काळी चारवर दिसतात आणि सूर खालचा निघतो. तबला, गिटार सगळे तुमच्या इशाऱ्यावर उतरवून घ्यायचे. दहा वर्षं अख्खा वाद्यवृंद मला सांभाळत होता आणि कुणी चकार शब्द काढला नाही.

मला माहीत नव्हतं असं लिहिलं तर ते खोटं होईल, उस्मानभाई. गळ्याला कळत होतं. साठीच्या जवळ आलेल्या माणसाला वरचा सूर अचानक सोपा कसा जाईल? मी म्हटलं, रियाजाचं फळ. पेटीकडे वळून बघितलं असतं तर कळलं असतं, म्हणून मी वळून बघितलं नाही.

आता ते लिहितो, जे लिहायला बसलो होतो आणि चार पानं फाडली. दादरच्या कार्यक्रमाचा व्हिडिओही कुणीतरी चढवून ठेवलाय. आकांक्षानं तोही लावला. त्या दिवशी काळी चारच होती, खरी. गडबडीत तुमचा इशारा द्यायचा राहिला असेल. दहा वर्षांत एकदा राहिला. माझा आवाज फाटला, आणि मी माइकवर हसत हसत म्हणालो, "आमच्या पेटीवाल्यांनी आज पट्टी चढवली बरं का. वय झालं बिचाऱ्यांचं!" सगळं सभागृह हसलं. व्हिडिओत तुम्ही कोपऱ्यात दिसता. मान खाली घालून गाणं पुरं केलंत. नंतर पेटी बंद केलीत आणि मला न भेटता गेलात, ते आजतागायत.

नात म्हणाली, "आबा, तुम्ही त्या अंकलना असं का बोललात?" मी तिला फोन बंद करायला लावला. तिचं उत्तर तुम्हाला देतोय. मी भ्यालो होतो. एवढंच. लोकांना कळेल म्हणून भ्यालो, आणि सगळ्यांत जवळ बसलेल्या माणसाला पुढे केलं. नऊ वर्षं एक फोन केला नाही, कारण माफी मागायची तर आधी आवाज गेल्याचं कबूल करावं लागलं असतं.

माफ करा. जे माइकवर बोललो ते माइकवरच परत घेणार आहे, तुम्ही या किंवा न या. पण या. पेटी तुम्ही धरा, पट्टी तुम्हीच ठरवा. मी विचारणार नाही.

तुम्ही दहा वर्षं झाकून ठेवलेला,
दयानंद

—

हमरिया
मंगळवार, १८ नोव्हेंबर

बुवा,

सलाम. पत्र दोनदा वाचलं. बायकोला, खुदेजालाही वाचून दाखवलं. ती हसली आणि मग रडली. कोकमं ताबिशनं बाजूला काढून ठेवली आहेत.

तुम्ही सगळं बरोबर शोधलंत. नातीला माझी शाबासकी सांगा. एकच गोष्ट चुकलात.

दादरला मी विसरलो नव्हतो. त्या दिवशी दुपारी मेकअपच्या खोलीत तुम्ही त्या पत्रकाराला सांगत होतात, "पट्टी उतरवून गातात ते गवई नव्हेत. लाज वाटत असेल तर घरी बसावं." मी चार हातांवर पेटी पुसत होतो. तुम्ही माझ्याकडे बघून हसलात आणि म्हणालात, "काय उस्मानभाई, खरं की नाही?" मी म्हटलं, खरं.

मग मी पट्ट्या मूळ जागी सरकवल्या. तबलजीला सांगितलं, आज वर लाव. गिटारवाल्यालाही सांगितलं. वरचा सूर यायच्या आधी तुमच्या तोंडाकडे बघत होतो. तो जाणार हे मला ठाऊक होतं. मला तो जायला हवा होता.

तेव्हा माइकवर तुम्ही जे बोललात ते खोटं नव्हतं. पेटीवाल्यानं पट्टी चढवलीच होती. तुम्हाला वाटत राहिलं, मी रुसून गेलो. मी तोंड लपवून गेलो, बुवा. गवयाच्या गळ्यावर साथीदारानं हात टाकायचा नसतो. सिनेमातले लोक मला भेटायचे, म्हणायचे, तुमचा किती अपमान झाला. मी ऐकून घ्यायचो. नऊ वर्षं ती सहानुभूती फुकट खाल्ली.

मलाही माफ करा. बोटं आता थोडी आखडतात, पण गुरुवारी तालमीला येतो.

पट्टी मात्र मी ठरवणार नाही आणि तुम्हीही मनातल्या मनात ठरवायची नाही. मी विचारीन, तुम्ही सांगा. आणि शुक्रवारी गाण्याआधी ती सगळ्यांना ऐकू जाईल अशी सांगा, मग ती काळी एक का असेना. तीच देईन.

तुमच्या डाव्या हाताला बसणारा,
उस्मान