दुसरी खूण

बाबा, मागच्या आठवड्यात लॅबमध्ये नवीन आलेल्या मुलीला मी सूक्ष्मदर्शकाखाली एक मारक पेशी काम करताना दाखवली, तेव्हा तिनं विचारलेला प्रश्न तुमच्याविषयीचा होता. तिला अर्थात ते माहीत नव्हतं. ती म्हणाली, "मॅडम, म्हणजे व्हायरस मारतच नाही? आपलेच सेल्स मारतात?" मी सांगितलं, व्हायरस कोणता आहे त्यावर अवलंबून आहे. उत्तर बरोबर होतं. मग तिला पुढचा नमुना आणायला पाठवलं आणि ती परत येईपर्यंत पडद्याकडे बघत बसले. मी करते ते काम तुम्हाला कधी नीट समजावून सांगितलं नाही. तुम्ही होतात तेव्हा मी शिकत होते, आणि शिकणाऱ्या माणसाला बापाला समजावण्याइतका धीर नसतो. खरं तर तुम्हाला ते इतरांपेक्षा लवकर कळलं असतं. तुमचंही काम तेच होतं: कोणतं दूध आत घ्यायचं आणि कोणतं ओतून द्यायचं.

मी बारा वर्षांची असताना सुट्टीत एकदा तुम्ही मला कात्रजला डेअरीत घेऊन गेला होतात. सकाळी कॅन उतरत होते, तुम्ही एकेक झाकण उघडून नाक खाली नेत होतात आणि मान हलवून पुढे जात होतात. मला ते सोपं वाटलं. एका कॅनवर मी तुमच्या आधी वाकले आणि दूध आणणाऱ्या माणसादेखत मोठ्यानं म्हणाले, हे खराब आहे. सगळे थांबले. तुम्ही आवाज न चढवता म्हणालात, "नाक तुझं आहे, दूध त्याचं आहे." मग परीक्षानळीत थोडं दूध घेऊन दिव्यावर धरलंत. ते उकळलं, फाटलं नाही. गाईनं कांद्याची पात खाल्ली असेल, एवढंच म्हणालात आणि कॅन आत घेतलात. तो माणूस हसून म्हणाला, "साहेब, पोरगी तुमच्यापेक्षा कडक हाय." परत येताना बसमध्ये तुम्ही मला तुमचा नियम सांगितलात. वास ही एक खूण. एका खुणेवर कुणाचं दूध ओतायचं नाही. दुसरी खूण मिळेपर्यंत गप्प बसायचं, आणि मिळाली की मग दयामाया करायची नाही.

दहा वर्षांनंतर वर्गात पहिल्यांदा टी-पेशी शिकले तेव्हा तुमचा हा नियमच फळ्यावर लिहिलेला दिसला. शरीरातली जवळजवळ प्रत्येक पेशी आपल्या आत काय तयार होतंय त्याचे बारीक तुकडे सतत बाहेर मांडून ठेवते, जसा कॅनबाहेर नमुना काढून ठेवावा. आत विषाणू शिरला की त्याचेही तुकडे त्यात दिसतात. मारक टी-पेशी हे तुकडे तपासत फिरते, पण कोरी, अजून न शिकलेली असताना तिला मारता येत नाही. आधी ती काखेत अवधाण येतं तसल्या गाठीत जाते. तिथे दुसऱ्या जातीची एक पेशी तिला विषाणूचा तुकडा दाखवते. तो तिच्या साच्यात बसला, ही पहिली खूण. तेवढ्यावर ती हलत नाही. तुकडा दाखवणाऱ्या पेशीला स्वतःला धोका जाणवला असेल तरच ती दुसरी खूण देते, आणि तीही मिळाली की मारक पेशी जागी होते, एकीच्या हजारो होतात आणि रक्तातून निघतात. पहिलीच मिळाली आणि दुसरी नाही, तर ती सुस्त पडते, पुढे तोच तुकडा दिसला तरी उठत नाही. आपल्याच अंगावर चुकून धावून जाऊ नये म्हणून ही व्यवस्था. मात्र एकदा तयार झालेल्या पेशीला दुसरी खूण लागत नाही. ती नुसता तुकडा ओळखते आणि मारते. हे वाक्य मी परीक्षेत लिहिलं आणि त्याला पूर्ण गुण मिळाले.

त्याच वर्षी तुमचे गुडघे गेले होते. डेअरीच्या थंड गोदामात इतकी वर्षं उभं राहून जाणारच होते. बुधवार पेठेत एका जिन्यावर बसणाऱ्या वैद्याच्या पुड्या तुम्ही घेत होतात आणि दोन दिवसांत चालायला लागला होतात. वर्षभरात तुमचे गाल भरले. आईला वाटलं तब्येत सुधारली. मला तो गोल चेहरा पुस्तकातल्या चित्रासारखा दिसला. मी एक पुडी फार्मसी शिकणाऱ्या मैत्रिणीकडे नेली, तिनं तपासली, आणि मला जे वाटलं होतं तेच निघालं. स्टिरॉइड. त्या संध्याकाळी मी तुमच्यासमोर तिनं काढलेली, स्टिरॉइडचा डाग उठलेली तपासणीची पट्टी ठेवली. मला आनंद झाला होता, हे लिहायला हवं. जन्मभर दुधातली भेसळ पकडणाऱ्या माणसाच्या अंगातली भेसळ मी पकडली होती. तुम्ही पट्टी उजेडात धरून पाहिलीत आणि एकच विचारलंत, "एकदम बंद करू की हळूहळू?" मी म्हटलं, "विषाचं हळूहळू काय करायचं असतं?" तुम्ही हसलात, "कडक हाय पोरगी," असं कात्रजच्या त्या दूधवाल्याच्या आवाजात म्हणालात, आणि उरलेल्या पुड्या मोरीत रिकाम्या करून वर पाणी ओतलंत. तुम्ही माझं ऐकलंत, कारण मी तपासून आले होते. मी पुडी तपासली होती. तुम्हाला तपासलं नव्हतं.

पहिल्या आठवड्यात तुम्हाला उठवेना. मी म्हटलं, सवय सुटतेय, होणारच. मग बरं वाटलं. सातव्या आठवड्यात आईला तुमचे डोळे पिवळे दिसले. हॉस्पिटलमध्ये रक्त घेतलं तेव्हा बी प्रकारच्या काविळीचा विषाणू निघाला. तो बहुधा जन्मापासून तुमच्या यकृतात होता. इतकी वर्षं तुमच्या मारक पेशी त्याला जेमतेम दाबून होत्या, आणि तो विषाणू स्वतः पेशी मारत नाही, नुसता राहतो. पुडीतल्या स्टिरॉइडनं वर्षभर त्या पेशींना निजवलं, तेवढ्यात तो यकृतभर पसरला. मग एका संध्याकाळी स्टिरॉइड बंद झालं. पेशी जाग्या झाल्या तेव्हा जिकडेतिकडे तीच खूण होती, आणि त्यांनी शिकवल्याप्रमाणे काम केलं. मारक पेशी चिकटते, समोरच्या पेशीच्या आवरणाला भोकं पाडते, आत काही रेणू सोडते, आणि ती पेशी आपल्याच हातानं स्वतःला संपवते. मग मारक पेशी सुटून शेजारच्या पेशीकडे जाते. मी हे रोज पाहते. त्यात राग नसतो. तुम्हाला ताप आला, भ्रम झाला, तुम्ही नर्सला कॅनचं झाकण लावायला सांगत होतात. बाराव्या दिवशी तुम्ही गेलात.

भरती करताना तिथल्या तरुण डॉक्टरनं विचारलं होतं, गेल्या दोन-तीन महिन्यांत एखादं औषध अचानक थांबवलं का? मी काही बोलायच्या आत आई म्हणाली, हो, पुड्या होत्या, आमच्या हिनं पकडलं आणि बंद करायला लावल्या. डॉक्टरनं माझ्याकडे पाहिलं, काय शिकता विचारलं, मी सांगितलं, आणि त्यानं खाली मान घालून लिहिलं. त्यानं काय लिहिलं ते मी नंतर फाइलमध्ये वाचलं. फाइल इंग्रजीत आहे. आईनं विचारलं तेव्हा मी सांगितलं, पुडीनं यकृत गेलं असं लिहिलंय. दहा वर्षं ती तेच सांगत आली आहे. त्या वैद्याला शिव्या देते आणि वर म्हणते, पोरीनं पकडलं नसतं तर आधीच गेले असते.

म्हणूनच या रविवारी विहारात वंदनेनंतर बायकांसमोर पुड्यांबद्दल बोलायला तिनं मला नेलं. मी पंधरा मिनिटांचं तयार केलं होतं: भेसळ कशी असते, चेहरा कसा सुजतो, वजन कसं वाढतं. तेवढंच बोलून उतरणार होते. पुढच्या रांगेतली एक बाई म्हणाली, "आमच्या सासूबाई दोन वर्षं घेतायत. आज घरी गेले की आधी फेकून देते बघा." सगळ्यांनी माना डोलावल्या. आई दाराशी चहाचे कप मांडत होती. तिचीही मान डोलली.

मी म्हटलं, "फेकू नका." मग जे सांगायला हवं होतं ते सगळं सांगितलं. एकदम बंद करायची नाही. आधी डॉक्टरांकडे न्या, आधी रक्त तपासा, अंगात लपलेली कावीळ आहे का बघा, मग डॉक्टर सांगतील तसं उतरवत न्या. का, असं त्या बाईनं विचारलं. मी का तेही सांगितलं, सोप्या शब्दांत, न चुकता. कपांचा आवाज थांबला होता. मी दाराकडे पाहिलं नाही.

बिबवेवाडीपर्यंत आम्ही चालत आलो. कोपऱ्यावर भाजीवाल्यापाशी थांबून आईनं कोथिंबिरीची जुडी उचलली, देठ पाहिले, आणि माझ्याकडे न बघता विचारलं, "यांचं रक्त बघितलं होतं का गं तेव्हा, बंद करायच्या आधी?"

मी म्हटलं, "तेव्हा अशी टेस्ट नव्हती."

"हं," ती म्हणाली. "नव्हतीच. नाहीतर तू केलीच असतीस." आणि तिनं ती जुडी ठेवून दुसरी घेतली.

टेस्ट होती, बाबा. मी शिकत होते त्याच इमारतीत, तळमजल्यावर. रक्ताची नळी घेऊन खाली जायचं आणि संध्याकाळी उत्तर घ्यायचं, एवढंच होतं. मी लॅबमध्ये कधी खोटा आकडा लिहिलेला नाही आणि लिहिणार नाही. भाजीवाल्यासमोर मला एका वाक्याला क्षणही लागला नाही.

हे मी मराठीत लिहिलं आहे. फाइल इंग्रजीत आहे, आईला वाचता येत नाही. हे येईल. पण ठेवणार आहे लॅबमधल्या माझ्या ड्रॉवरमध्ये, तुमच्या दूध तपासायच्या लॅक्टोमीटरखाली, आणि त्या ड्रॉवरची किल्ली मी घरी आणत नाही.