कोषांची गाडी

३ नोव्हेंबर, सोमवार

नागसेनने दगा दिला! सकाळी फोन केला तर म्हणतो, "तारावहिनी, महिनाभर गाडी कापसाला लागली. परतूरला जिनिंगवर रोज दोन खेपा हायेत. तुमच्या आठ गोण्यांसाठी जालन्याला कुठं येत बसू?" याच माणसाने मागच्या वर्षी माझ्या दारात चहा पिऊन सांगितल्तं — रेशीमवाल्यांना सोडणार न्हाई म्हणून. कापूस फुटला की लोकांची जीभ फिरते.

इकडे अळ्या कोष विणायला लागल्यात. पाच-सहा दिवसांत कोष काढायचे आणि जल्दी जालन्याच्या कोष बाजारात पोचवायचे. थांबून चालत नाही. उशीर झाला की आतला पतंग कोष फोडून बाहेर येतो. मग धागा निघत नाही, माल मातीमोल.

गावात दुसरी गाडी एकच — मच्छिंद्रची पिकअप. माझा सख्खा दीर. त्याच्या गाडीत माझा एक कोष चढणार नाही.

५ नोव्हेंबर, बुधवार

"आपलाच भाऊ हाय," हे म्हणाले. ह्यांचा असेल. माझा कुणी नाही!

दोन वर्षांपूर्वी त्याने बांधापलीकडे कापसावर फवारलं. वारा आमच्याकडे होता. सगळं औषध माझ्या तुतीवर आलं. मला पत्ताच नाही — मी तोच पाला तोडून अळ्यांना घातला. दुसऱ्या दिवशी अळ्या हिरवं ओकायला लागल्या. तिसऱ्या दिवशी शेडमध्ये उभं राहवत नव्हतं. खड्डा मी खणला. टोपली टोपली भरून पुरल्या. हे खाली मान घालून उभे. मच्छिंद्र फिरकला नाही. तेव्हापासून एक शब्द बोलले नाही त्याच्याशी. बोलणारही नाही.

८ नोव्हेंबर

आणखी तीन गाडीवाल्यांना विचारलं. कापूस, कापूस, कापूस!

१० नोव्हेंबर, सोमवार

रेल्वेने नेले. बैलगाडीने परतूर स्टेशन, तिथून डब्यात. हे खालून गोण्या देत होते, मी वरून ओढत होते, लोक शिव्या घालत होते. दारातच गोण्या रचल्या. एक जण खुशाल वर बसला! "कापूसच हाय ना?" म्हणे. असा ढकलला त्याला की पुढच्या स्टेशनात उतरूनच गेला.

जालन्यात उतरलो, दोन ऑटो केल्या. बाजारात व्यापाऱ्याने मूठभर कोष घेतले, बोटाने दाबले. "ताई, दबलेत. घाम सुटलाय मालाला." सगळ्यात शेवटच्या ढिगात टाकले. महिनाभर पोराबाळांसारखे सांभाळलेले!

आणि शेजारी कोण? मच्छिंद्रची पिकअप. आमच्याच गावच्या सहा घरांचा माल. जाळीचे क्रेट, मध्ये हवेला जागा, वरून सावलीला कोरडं पोतं. पहिला भाव त्यांनाच. त्यातलीच सोनूबाई दोन्ही हातांनी पदर सावरत हसत होती. मच्छिंद्रने मला पाहिलं, बाटली तोंडाला लावली, पाणी प्यायला आणि हसला.

हसला!

११ नोव्हेंबर

जेवले नाही.

१६ नोव्हेंबर, रविवार

ठरलं. त्याची गाडी रिकामी करायची.

सहाही घरं फिरले. मच्छिंद्र बायांना ताटकळत ठेवतो, हे खरं सांगितलं. वाटेत दुसऱ्यांची पोती आपल्या क्रेटवर टाकतो, हे मनाचं सांगितलं. इथं कुणापासून लपवू!

सोनूबाई ऐकेना. "तारा, तुझं भांडण तुझ्यापाशी ठेव. आमचा माल बराबर पोचतो." मग नागसेनला फोन लावला, तिच्या कानाला दिला. माझ्या एकटीसाठी येत नव्हता, सात घरांचा माल म्हटल्यावर लगेच विरघळला. "दर खेपेला दारातून उचलीन." सोनूबाईने मान हलवली. बाकीच्या तिच्या मागे.

१० डिसेंबर, बुधवार

नागसेन आला. सात घरांचे क्रेट चढले. दोरी मी स्वतः आवळली.

मच्छिंद्रची गाडी दिवसभर दारात उभी. मी तीनदा जाऊन बघून आले. तिसऱ्यांदा बोनेटवर शेळी बसल्ती! किती दिवसांनी हसले.

१८ डिसेंबर, गुरुवार

आला. मी तुतीत पाला तोडत होते, सरळ बांध ओलांडून आला.

"वहिनी, माझं पोट मारून राह्यल्या तुम्ही."

"माझ्या अळ्या मारल्या तेव्हा कुठं गेल्तास?"

"फवारलं म्या! कापूस जळून चालल्ता माझा. वाऱ्याला इचारून फवारू का?"

दोन वर्षांनी कबूल झाला. तेही अशा तोंडाने!

"वाऱ्याला कशाला? मला इचारायचं. बांधावरून एक हाक मारली असती तर आदल्या दिवशी पाला तोडून ठेवला असता. एक हाक, मच्छिंद्र!"

आला तसा बांध ओलांडून गेला. हातातला विळा माझ्याच बोटाला लागल्ता, ते मला तो गेल्यावर दिसलं.

२ जानेवारी, शुक्रवार

मच्छिंद्र गाव सोडून गेला. जालन्याला लोखंडाच्या कारखान्यात ट्रेलरवर ड्रायव्हर. बायको अक्षता इथंच. पिकअपवर ताडपत्री टाकलीय.

जिंकले.

२४ जानेवारी, शनिवार

नागसेनचा फोन. "वहिनी, बियाणाच्या कंपनीत गाडी लावली. वर्षाचं काम हाय. आता जमणार न्हाई." एवढंच. मी शिव्या द्यायच्या आत फोन ठेवला.

सातही घरांच्या अळ्या परवाच विणायला बसल्यात.

संध्याकाळी बाया दारात. सोनूबाई ओट्यावरही चढली नाही, अंगणातूनच बोलली. "गावात एक गाडी होती, ती तू घालवली. आता आमचा माल डोक्यावर ने!" हे घरात होते. बाहेर आले नाहीत.

कापूसवाल्याने बोलावलं की नागसेन तिकडे, बियाणंवाल्याने बोलावलं की तिकडे. मच्छिंद्र तेवढा कोषांसाठी क्रेट विकत आणून बसल्ता. हे तेव्हा दिसलं नाही असं नाही. दिसलं होतं. म्हणूनच जास्त राग आल्ता.

३० जानेवारी, शुक्रवार

अळ्या विणायला बसून नववा दिवस. सहा दिवस फोन करून राह्यले, गाडी नाही. सात घरांचा माल रेल्वेच्या दारात मावत नाही.

हे आज जेवता जेवता म्हणाले, "अक्षताला येती गाडी. मच्छिंद्रनंच शिकवली. लायसन बी हाय."

"आधी का नाही बोललात?"

"तू त्या घराचं नाव कुठं काढू देती?"

गेले. दोन वर्षांनी ती पायरी चढले. अक्षताने दार अर्धंच उघडलं.

"काय पायजे?"

सांगितलं.

"माझा नवरा तिकडं धुरात पडलाय तुमच्यामुळं. अन् तुम्ही कोष घेऊन माझ्या दारात?"

"माझ्यासाठी नको. बाकीच्या सहा घरांसाठी."

"त्या सहा घरांनी आम्हाला कधी इचारलं? एकीनं तरी?" मग ताडपत्रीकडे बघत म्हणाली, "आता काय उपेग. सोमवारी गिऱ्हाईक येऊन राह्यलं गाडी बघायला. आमच्या ह्यांनी फोनवर परस्पर ठरवलं. मला सांगितलं, इचारलं न्हाई."

"मग तू काय म्हणालीस?"

"म्या काय म्हणणार?" दार लावून घेतलं.

मी पायरी उतरले. कुणी चप्पल फेकून मारली असती तर बरं झालं असतं.

१ फेब्रुवारी

पहिला कोष फुटला. ओला, पांढरा पतंग. पंख फडफडवत होता, उडता येत नव्हतं.

२ फेब्रुवारी, सोमवार

सकाळी चहा ठेवल्ता तेवढ्यात हॉर्न. अक्षता, पिकअपवर. "क्रेट चढवा. अन् माझ्याशी बोलू नका." सात घरांचा माल चढला. जालन्यापर्यंत खरंच बोललो नाही. बाजारात क्रेट उतरवताना तिचा फोन वाजायला लागला. थांबेना. गिऱ्हाईक दारात येऊन उभं असणार. तिने नाव बघितलं, फोन माझ्या हातात दिला आणि पुढचा क्रेट उचलला.

"अक्षता! गाडी कुठं हाय?" मच्छिंद्र ओरडत होता.

"तारा बोलते," मी म्हणाले. "गाडी विकायची न्हाई."