तीन मिलिमीटरची खबरदारी

२ मार्च
टेबलावर मावेल एवढं, धातू कोरून आकार देणारं मिलिंग मशीन घरीच बनवायला घेतलं. डिझाइन संपूर्ण माझं. पहिला जॉबही ठरला. हिच्या शिलाई मशीनचा, सुईखालून कापड पुढे सरकवणारा दातेरी तुकडा तुटलाय. मॉडेल जुनं, पार्ट मिळत नाही. दवाखान्याच्या चाळीस पडद्यांची ऑर्डर महिनाअखेरची. उशीर झाला तर काम दुसरीकडे जाईल म्हणाली. मी छातीठोकपणे सांगितलं, पंधरा तारखेला तुकडा हातात. सासरे पेपरमागून हसले. रिटायर्ड फिटर आहेत, आमच्याकडेच राहतात. लक्ष ठेवायला हवं.

५ मार्च, सकाळी ७
ड्रॉइंगची वही सरळ ठेवली होती, तिरकी सापडली. हिचं म्हणणं, टेबल पुसताना हलली. टेबल आजच का पुसलं?
निर्धार: वही कपाटात, कुलपात. किल्ली माझ्याकडे.

६ मार्च
किल्ली सापडत नाही.

७ मार्च
किल्ली सासऱ्यांनी काढून दिली. माझ्याच चष्म्याच्या डबीत होती म्हणे. त्यांना नेमकं कसं ठाऊक?
जालीम उपाय सुचला. वहीतलं प्रत्येक माप तीन मिलिमीटरने वाढवून लिहिलं. डिझाइन चोरलं तर चोर तोंडघशी पडेल. खरी मापं फक्त माझ्या डोक्यात. धातू कातून देणाऱ्या लेथवाल्यासाठी एका पानाची नक्कल लगेच काढून ठेवली. वही परत कुलपात, किल्ली परत डबीत.

११ मार्च
बेअरिंग ज्यात बसतं तो ब्लॉक लेथवाल्याकडे बनवायला दिला. भोक तीनने कमी कर, असं सांगणारच होतो. पण बाकावर एक अनोळखी इसम बसला होता. मांडीवर हेल्मेट, नजर माझ्या कागदावर. बोलणं धोक्याचं. लेथवाल्याला डोळा मारला आणि तीन बोटं दाखवली. त्याने मान डोलावली. हुशार माणूस.

१४ मार्च
लेथवाल्याने तीन ब्लॉक बनवून ठेवलेत. तिन्ही पन्नासच्या भोकाचे. बेअरिंग सत्तेचाळीसचं, आरपार पडलं आणि लेथखाली गडगडत गेलं. तो म्हणतो, तीन तुम्हीच सांगितलेत, पन्नासही तुम्हीच लिहिलंत. असं पाठ केल्यासारखं कोण बोलतं? त्याला कुणीतरी फोडलाय.
घरी आल्यावर वही न उघडताच चारही बाजूंनी चिकटपट्टी लावून बंद केली.

१५ मार्च
हिने तुकड्याचं विचारलं. तांत्रिक अडचण आहे म्हणालो. कोणती, ते तिने विचारलं नाही. पडद्यांचं कापड खाटेवर तसंच पडून आहे. वाईट वाटलं.

१९ मार्च
ब्लॉकमध्ये पत्रा गुंडाळून बेअरिंग बसवलं. बाकीचं आठवणीवर. कुठल्या मापातून तीन वजा केले आणि कुठल्यातून दोनदा केले, ते लक्षात नाही. खुणा ठेवल्या नव्हत्या, सुरक्षेसाठी.
मोटर लावली. मशीन थरथरत टेबलाच्या कडेपर्यंत चालत गेलं. टेबलाच्या पायाशी कुणीतरी छेडछाड केलीय.

२३ मार्च, दुपारी
पुरावा सापडला. माझी तिकोनी कानस गायब, बारीक मापं घ्यायचा व्हर्नियरही गायब. सासरे चार दिवस जेवणानंतर गॅलरीचं दार लोटून बसतात. आतून खर्र खर्र आवाज. ही त्यांना चहा नेऊन देते आणि मला बघून गप्प होते. म्हणजे हीसुद्धा फितूर. बाबा काय करताहेत, विचारलं, तर म्हणाली, वेळ घालवताहेत. माझ्याकडे बघून म्हणाली.

२५ मार्च
शिलाई मशीनचा आवाज. धावत गेलो. कापड सुईखालून सरसर सरकत होतं. दातेरी तुकडा सासऱ्यांनी कानशीने घासून बनवलाय. त्यात माझं डिझाइन कुठेही वापरलेलं नाही, खात्री करून घेतली. मी करणारच होतो, असं हिला सांगितलं. हो, म्हणाली. वर बघितलं नाही.

३० मार्च
चाळीस पडदे काल पोचले. उरलेल्या कापडातून हिने माझ्या मिलिंग मशीनला खोळ शिवली. घालून बघितली. अगदी बेतशीर बसली. मापं कुठून मिळाली, विचारलं. टेप घेऊन मोजलं म्हणाली. उघड्यावरच तर असतं, आणि हलतंय कुठे?
विश्वास बसेना. वहीची चिकटपट्टी तपासली, शाबूत होती. तरी फाडून उघडली. प्रत्येक मापाशेजारी पेन्सिलीने बारीक अक्षरात खरं माप. अक्षर सासऱ्यांचं. बेअरिंगच्या पानावर दोन ओळी: 'जावईबापू, सगळंच तीनने जास्त का? इथे पन्नास केलंत तर बेअरिंग खाली पडेल.' तारीख ८ मार्च.
तोंडाने का नाही सांगितलं, हे विचारायला गॅलरीपर्यंत गेलो. सांगितलं असतं तर मी काय म्हणालो असतो, ते आठवलं. परत आलो आणि खोळ नीट ओढून घेतली.