दाताने तोडलेला दोरा

प्रिय ताई,

साष्टांग नमस्कार. (आठही अंगं खरोखर जमिनीला टेकवली आहेत असं समज, का, ते पुढे कळेलच.) तुझा गुडघा, भाऊजींचा खोकला आणि भाचीची परीक्षा या तिन्ही आघाड्यांवर सारं ठीक असेल, अशी आशा आहे. मीही ठीक आहे, असं लिहायची पद्धत आहे म्हणून लिहितो. खरं तर तीन दिवस घशाखाली घास उतरत नाही, आणि या वेळी दोष माझ्या स्वयंपाकाचा नाही.

माझं काम तुला ठाऊक आहे. (भाऊजी चारचौघांत सांगतात तसा मी गुप्तहेर नाही. पोलिसांनी सील करून पाठवलेल्या वस्तू उघडायच्या, ओल्या कापसाने पुसायच्या, कापूस नळीत घालायचा आणि हा डीएनए कुणाचा, ते यंत्राला विचारायचं. चोरांपेक्षा मला फॉर्मची भीती जास्त.) गेल्या महिन्यात एका दुकानफोडीतला स्क्रूड्रायव्हर माझ्या टेबलावर आला. संशयावरून एक वायरमन आधीच कोठडीत होता. मुठीवर दोघांचे अंश निघाले, एक त्याचा आणि एक कुणा बाईचा. अहवाल गेला. लगेच पोलिसांनी वायरमनच्या बायकोला उचललं. तिचा नमुना जुळला नाही. तर म्हणे, मग ती दुसरी कोण, हे हिलाच माहीत असणार! तेव्हापासून ती रोज सकाळी दहाला जाऊन चौकीतल्या बाकावर बसते आणि संध्याकाळी सहाला सुटते.

सोमवारी मॅडमनी मला आत बोलावलं. (मॅडम म्हणजे आमच्या विभागप्रमुख. त्या हसतात, पण फक्त ओळखपत्रावरच्या फोटोत.) आमच्याकडे झाडूवाल्या मावशींपासून सगळ्यांचे नमुने यादीत ठेवलेले असतात, कुणी चुकून वस्तूवर शिंकलं तर ओळखू यावं म्हणून. मॅडमनी त्या अनोळखी बाईचा नमुना यादीशी ताडून पाहिला होता. पूर्ण कुणाशीच जुळला नाही. "तुमच्याशी मात्र बराच जुळतोय," त्या म्हणाल्या, "सख्ख्या भावंडांचा जुळतो तसा. तुम्हाला बहीण आहे का?"

मी म्हणालो, "आठवून सांगतो."

ताई, रागावू नकोस. एका क्षणात मला तू दिसलीस, मागच्या खेपेला माझ्या खोलीत खिडकीशी बसलेली, मांडीवर माझा एप्रन घेऊन. एप्रन घरी न्यायचा नाही, असं आमच्या दारावर तांबड्या अक्षरांत लिहिलेलं आहे. बाही उसवली होती म्हणून मी आणला. "असली लक्तरं घालून सरकारी कामं करतोस?" म्हणत तू सुई काढलीस. दोरा तोंडात धरून ओला केलास, ओवलास, शिवलंस आणि दाताने तोडलास. असं चार वेळा. (पाच. शेवटची गाठ तुला पसंत पडेना.) बाही इतकी जाड दुमडलीस की तिच्यावर हातमोजा चढेना. मी घाईत तशीच बाहेर ठेवली, आणि तीच त्या मुठीला घासली असणार. शिवण मात्र उत्तम आहे. आज एप्रन सीलबंद पाकिटात पुरावा म्हणून गेला, तरी एक टाका हललेला नाही.

हे मला सोमवारीच कळलं होतं. तरी दोन दिवस मी तोंड उघडलं नाही, कारण नोकरी जाईल. काल संध्याकाळी चौकीतून सुटल्यावर वायरमनची बायको आमच्या फाटकाशी येऊन उभी होती. मला म्हणाली, "साहेब, ती दुसरी कोण, ते तुम्हाला तरी कळलं का?" मी म्हणालो, "तपास चालू आहे." इतकी लाज मला जन्मात कधी वाटली नव्हती.

भाऊजींना नमस्कार, भाचीला आशीर्वाद.

तुझा,
धाकटा भाऊ

ता. क. : पत्र घेऊन आलेल्या फौजदार बाई अजून दारातच उभ्या असतील, त्यांना आधी आत घे. तुझं वाचून होईपर्यंत थांबा, अशी मी विनंती केली होती. त्यांच्याजवळ कापसाची काडी आहे. ती गालाच्या आतून फिरवतात, दुखत नाही. तू अटकेत नाहीस.

आणखी एक : आज सकाळी मी सगळं मॅडमना लेखी दिलं. "नोकरीचं नंतर बघू," म्हणाल्या. आता फौजदार बाई तुला विचारतील, तेव्हाची मला धास्ती आहे. लहानपणी मी फोडलेल्या प्रत्येक काचेपुढे उभी राहून तू "मीच फोडली" म्हणालीस आणि मार खाल्लास. या वेळी काच नाही, दुकान आहे. "मीच फोडलं" म्हणू नकोस. भावाने एप्रन घरी आणला होता, एवढंच सांग आणि सही कर, म्हणजे वायरमनची बायको उद्या घरी राहील. तुझ्या जिवावर येईल, ठाऊक आहे. पण एकदा तरी माझं नाव सांग.