दोन नंबरच्या कॅमेऱ्यातलं दार

१२ नोव्हेंबर

आज अमिरुन्निसा माझ्या अंगणात उभी राहून मला बोलून गेली. हे कोणाजवळ काढायचं नाही, म्हणून इथे लिहिते.

गल्लीतून मोटारसायकल चोरीला गेली, तेव्हा संघदीपने – माझ्या मुलाने – पुण्यात बसूनच घराला चार कॅमेरे लावून घेतले. टीव्हीखाली जेवणाच्या डब्याएवढी पेटी. अंधारातलंही दिसतं, जागा संपली की जुनं आपोआप पुसलं जातं, मोबाईलवर सगळी गल्ली. दोन नंबरच्या कॅमेऱ्यात बरोबर समोर अमिरुनचं दार.

काल मी तिला सहज विचारलं – तुझ्या नमराला घरी यायला एवढा उशीर का झाला? नात आहे तिची. पण ती आली तेव्हा मी कुठे होते? अंथरुणात, मोबाईल घेऊन.

"मले पाहाचं असन तर आवाज दे," ती म्हणाली. "डब्ब्यात काहून पाहून राह्यली?"

चोरांसाठी आहे, मी म्हटलं.

"मंग आमी कोन?"

१३ नोव्हेंबर

कॅमेरेवाल्या नवीनला बोलावलं. पेटीत सोय आहे – चित्राचा हवा तेवढा भाग झाकता येतो. मग तो दिसत नाही, साठतही नाही. तिच्या दारावर काळा चौकोन बसवला. तसा निरोप पाठवला. उत्तर नाही.

१६ नोव्हेंबर

बायका चौकोनात शिरतात, बाहेर येतात. बकरीसुद्धा. मी गेले नाही.

१९ नोव्हेंबर

वाशीमची पहिली एसटी आठवली. गल्लीतून कॉलेजात जाणाऱ्या आम्ही दोघीच. मी त्याच दारासमोर उभी राहून हाक मारायची. ती एका हातात अर्धी वेणी, दुसऱ्यात माझ्यासाठी गुळाची पोळी घेऊन धावत यायची. तिच्या अम्मीने मला कधी विचारलं नाही, बेबी, खाऊन आलीस का. माझी पोळी गृहीतच धरलेली!

दुसऱ्या वर्षी तिचं कॉलेज सुटलं. लग्न घरातल्याच चुलतभावाशी, त्यामुळे दार तेच राहिलं. नोकरी लागल्यावर मी घर बांधलं ते तिच्या समोर. मुद्दाम.

आणि आता त्या जागी काळा ठोकळा.

२३ नोव्हेंबर

मोबाईलवर पाहिलं – काळ्यातून कपाट बाहेर आलं. मग गाद्या. मग शिलाई मशीन. गल्लीच्या तोंडाशी टेम्पो.

अनवाणीच गेले. दारात उभी राहून हाक मारली. तेव्हा मारायची तशीच.

"आली का?" आतून आवाज. "एसटी गेली असती आपली."

सादिकने – तिच्या मुलाने – अकोल्यात घर घेतलं आहे. नमराचं कॉलेजही तिथेच. त्या दिवशी तिला उशीर झाला तो कॉलेजच्या दाखल्यासाठी अकोल्याला गेल्यामुळे. अमिरुन मला हेच सांगणार होती. मी आधी हिशेब मागितला.

माझा चेहरा पाहून म्हणाली, "तुह्या कॅमेऱ्यापायी नाही जाऊन राह्यलो आमी. तेवढा मान त्याले देऊ नको."

मग समोरच्या कॅमेऱ्याकडे बोट करून, "तो काया डाग पुसून टाक. आता लक्ष ठेव."

२४ नोव्हेंबर

तिने दिलं : दाराची किल्ली. फडक्यात बांधलेली गुळाची पोळी.

मी दिलं : दोन नंबरचा कॅमेरा, तिच्या मोबाईलवर. नवीनकडून सुरू करून घेतला. काळा चौकोन काढला. दाराला कुलूप दिसतं.

संध्याकाळी तिच्या उंबऱ्यासमोर झाडत होते. अकोल्याहून फोन.

"बेबी, पायात चप्पल घाल."